मोहाखालचा पाला

झाशीच्या बसस्टँडवर टहरौलीची बस उभी होती. माझ्या पुढच्या सीटवर साठीतलं एक मराठी जोडपं बसलं. बाईंच्या मांडीवर सहा खराटे होते.

“कमळा, लोक बघताहेत.”

“बघू देत.”

“तीन एकर जंगल झाडणार तू?”

“जंगल नाही, मोहाची अकरा झाडं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून गावातल्या बायका खालचा पाला पेटवतात. गेल्या वर्षी त्यात आपली दोनशे रोपं जळली. विसरलात?”

“म्हणून तर म्हणतो, तारेचं कुंपण घालू.”

“अहो, आपण जमीन घेतली त्याआधीपासून त्या येताहेत. त्यांना कसं अडवायचं? पाला आधीच झाडलेला असला, तर पेटवतील कशाला?”

“आणि तरी पेटवला तर?”

“तर विझवायला मी तिथंच असेन.”

“डॉक्टरांनी वाकू नकोस म्हटलंय.”

“म्हणूनच लांब दांड्याचे घेतलेत.”

कंडक्टर आला. “अम्मा, इत्ते झाडू! दुकान खोल रही हो?”

“टहरौली के दो टिकट, भैया. और कल सुबह भी यही दो सीट रखना.”

“कल भी?”

“जब तक महुआ टपकेगा, रोज.”