सामुराईचा कार्बोरेटर

जमलेल्या सर्वांना जय भीम, नमस्कार. काकू, तुम्ही "तू बोल" म्हणालात म्हणून उभी राहिले. मला लिहायची सवय आहे, बोलायची नाही. आणि आज तर काकांच्या शोकसभेत बोलायचंय.

गौतमकाकांचं औरंगपुऱ्यातलं गॅरेज आपल्या सगळ्यांना माहीत. जुन्या जपानी मोटरसायकलींचं. त्यांचा नियमही माहीत. चालत्या गाडीचा पार्ट काढून दुसरीला लावायचा नाही. कधीच नाही.

मी तिथं गेले ती बाबांची सामुराई घेऊन. बाबा गेल्यापासून दोन वर्षं बंद होती. घरचे म्हणत, भंगारात दे. मला देववत नव्हती.

मी विचारलं, "काका, या गाड्यांत चांगली कोणती?"

"आरएक्सचे पार्ट गल्लोगल्ली भेटतात, पण निम्मे डुप्लिकेट. केबी दणकट, पण पार्टसाठी लई हिंडावं लागतं. तुझी सामुराई? वर्षानुवर्षं खोलावीच लागत नाय. म्हणून तिचे पार्ट कुणी ठेवलेच नाय. चांगलं असल्याची शिक्षा हाय ती, पोरी!"

कार्बोरेटर गेला होता. "डुप्लिकेट बसवा," मी म्हटलं. तर भडकले. "बापाच्या गाडीला खोटा माल लावतीस व्हय?"

महिनाभरानं फोन आला. "भेटला. ओरिजिनल." कुठं भेटला? "हाय एक येडा."

त्यानंतर काका उस्मानपुऱ्यातल्या घरून गॅरेजवर रिक्षानं यायला लागले. मी चिडवायची, "मेकॅनिक आणि रिक्षात?" ते हसायचे. "जिंदगीभर दुसऱ्यांच्या गाड्या पळवल्या. आता मला फिरवू दे की कुणी!"

परवा काकूंकडं गेले. जिन्याखाली एक झाकलेली गाडी दिसली. सहज कापड उचललं. काकांची सामुराई. लखलखीत पुसलेली. कार्बोरेटरच्या जागी एक स्वच्छ फडकं कोंबलेलं.

आयुष्यात एकदाच त्यांनी नियम मोडला. तोही स्वतःच्या गाडीवर. आणि तीन वर्षं मी त्यांना चिडवत होते. तीन वर्षं. एकदा तरी सांगायचं ना, काका?

मी काकूंना म्हटलं, परत बसवून देते. काकू म्हणाल्या, "चालत्या गाडीचा काढू नको. त्यांना नाय आवडणार."

बाबांची गाडी आज दाराशी उभी आहे. तिच्यावरच आले. गाडी तपासताना काका आपल्याला दटावायचे, आठवतं? "गप बसा रे दोन मिनिटं. तिला बोलू द्या."

काका, तुम्हाला शेवटचा जय भीम. आपण सगळे दोन मिनिटं गप उभे राहू या. मग मी बाहेर जाऊन किक मारीन. तेव्हाही कुणी बोलू नका. तिला बोलू द्या.