तीन महिन्यांपासून होत नाही

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. माझी पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. मूल होईना म्हणून जानेफळात सासूबाई मुलाच्या दुसऱ्या लग्नाचं बोलू लागल्या, तसे आमचे हे एकटेच मेहकरच्या वैद्यांकडे गेले. लाजेनं बायकोचं नावच घेईनात.

“तीन महिन्यांपासून होऊन नाही राह्यलं,” एवढंच म्हणाले.

वैद्य दचकले. “तीन महिने? अन् तू चालत आला? थांब, एरंडेल देतो!”

“मले नाही हो, बायकोले!”

“मंग तिले काऊन नाही आणलं? तिची नाडी तुह्या हातात पाहू काय?”

दुसऱ्या दिवशी मी गेले. पुढं वर्षभर काढा घेतला, पाळी हळूहळू रुळली. पण त्या दिवशी वैद्य म्हणाले, “पोरी, तुले काय होते, ते तूच सांग.” आणि मला रडूच फुटलं. तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं.