ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग

पीएचडीचं नाव काढलं की मला अजून दमायला होतं. का, ते ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ठाण्याच्या खाडीतल्या गाळातले किडे, हा माझा विषय. यावर आधी कोणी काम केलंय का, ते बघायला मी मुंबईच्या एका लायब्ररीत गेलेले. लेख शोधायला तिथे नुकताच कॉम्प्युटर आलेला. ऑपरेटरने इंग्रजीत 'ठाणे खाडी' टाकलं. एकही लेख निघाला नाही. आमचे गाइड सर खूश. म्हणाले, "कोणी हात लावलेला नाही. लाग कामाला!"

पुढची काही वर्षं मी कॉलेजात शिकवून, ओहोटीची वेळ बघून गुडघाभर चिखलात उतरत राहिले. वर्तकनगरला घरी पोचले की आई आधी पाय धुवायला लावायची, मग आत घ्यायची.

प्रबंध लिहायच्या आधी सर म्हणाले, "नवीन काही आलंय का, एकदा बघून ये." गेले. तोच ऑपरेटर. टाइप करताना त्याचा हात चुकला.

"सॉरी मॅडम, शेवटी ई ऐवजी ए पडला," तो म्हणाला, आणि अख्खा स्क्रीन भरला. Thane च्या जागी Thana, ठाण्याचं जुनं स्पेलिंग! सगळे जुने लेख त्या नावाखाली बसलेले. पहिलाच लेख माझ्याच किड्यांवर, माझ्याच खाडीतला.

तशीच सरांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं. मग आता उल्हास नदी घे."

मी म्हटलं, "सर, आधी मी घरी जाऊन झोपते."