फादरची आई

ताई : हळू बोल. तिचे डोळे गेलेत, कान नाही गेले. मधे नुसतं प्लायवुड आहे.

धाकटा : पण ताई, मी स्पष्ट लिहिलं होतं. पहिल्याच ओळीत. ‘आई, मी फादर होणार नाही, ब्रदर म्हणून व्रतं घेतलीत.’ ते पत्र तू तिला वाचून दाखवलंस ना?

ताई : दाखवलं. जिथं ब्रदर होतं, तिथं फादर वाचलं.

धाकटा : का?

ताई : का म्हणे! बाबांना जाऊन महिना झाला नव्हता. ही मांडीचं हाड मोडून पडलेली, उशीखाली तुझा फोटो. म्हटलं, आठ दिवसांनी सांगू. मग म्हटलं, चालायला लागली की सांगू. तोवर गल्लीभर ती ‘फादरची आई’ झाली. चर्चमध्ये लोक उठून तिला पुढचा बाक द्यायला लागले. तूच सांग, कोणत्या तोंडानं सांगणार होते?

धाकटा : नऊ वर्षं, ताई.

ताई : आणि तू रे? तीन वर्षांपूर्वी आलास, तेव्हा दारातच तिनं तुझा हात कपाळाला लावला. ‘या, फादर’ म्हणाली. ऐकलं नव्हतंस?

धाकटा : ऐकलं होतं.

ताई : मग? मी एकटीच खोटारडी?

धाकटा : मला वाटलं, पांढरा झगा बघून म्हणत असेल. दोनच दिवसांची रजा होती. म्हटलं, कशाला तिच्या आनंदावर...

ताई : झालं तर. दोघं एकाच माळेचे मणी. आता नीट ऐक. डॉक्टर म्हणालेत, दोन-तीन दिवस. फार तर चार. चर्चमधले फादर दोनदा येऊन गेले, हिनं दोन्ही वेळा परत पाठवले. ‘पोटचा मुलगा फादर असताना परक्यापुढं पापं कशाला सांगू?’ कबुली तूच ऐकायची, मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेलही तूच लावायचं, हाच धोशा. म्हणून तुला बोलावलं. जा आत, डोक्यावर हात ठेव आणि पापक्षमेचे ते चार शब्द म्हण. सुटेल बिचारी.

धाकटा : मला तो अधिकार नाही. तो फक्त फादरना असतो.

ताई : शब्द पाठ आहेत ना?

धाकटा : शब्द तुलाही पाठ आहेत. म्हणशील तू? ती समजेल, मोकळी झाले. आणि ओझं तसंच असेल. मरतानाही फसवायचं तिला?

ताई : उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, बाबा. इथं रोज दर दोन तासांनी तिची कूस बदलते ती मी. सगळ्या जगाचा ब्रदर झालास, माझा भाऊ कधी झालास? परवा तुमच्याकडे फोन लावला. तुमच्या मठाचे प्रमुख, ते सुपिरियर, विचारतात, ‘आपण कोण?’ म्हटलं, मी सिस्टर. तर म्हणाले, ‘कुठल्या मठातल्या?’

धाकटा : मग काय म्हणालीस?

ताई : म्हटलं, शिलाई मशीनच्या! हसू नकोस. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

धाकटा : मी आत जातो.

ताई : काय सांगणार आहेस?

धाकटा : खरं ते.

ताई : मारशील तू तिला.

आई : कोण आहे? फादर आले का माझे?

धाकटा : आई, मी आलोय.

आई : या, या. खुर्ची घ्या. प्रवासात त्रास नाही ना झाला तुम्हाला?

धाकटा : आई, मला अगं... मला अरे-तुरे कर ना.

आई : असं कसं? पोटचे असलात तरी आता देवाचे आहात. दार लोटून घ्या. किती वाट पाहिली मी. श्वास पुरत नाही, म्हणून मोठं असेल ते आधी सांगते. तुमच्या ताईला एक चांगलं स्थळ आलं होतं. माणसं घरापर्यंत आली होती. आणि मी त्यांना...

धाकटा : थांब. आई, थांब. पुढं सांगू नकोस.

आई : का?

धाकटा : हे फादरना सांगायचं असतं. मी फादर नाही.

आई : या वेळी चेष्टा करता?

धाकटा : मी ब्रदर आहे. वेदीवर उभा राहत नाही, कबुली ऐकत नाही. पापांची क्षमा देणं माझ्या हातात नाही. ताईला बोल लावू नकोस. मलाही कळलं होतं, तरी मी गप्प बसलो.

आई : परीक्षेत नापास झालात?

धाकटा : नाही. शिकत असताना वर्षभर आमच्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. तिथं एक म्हातारे होते. पाठभर जखमा, वास यायचा, कोणी जवळ जाईना. एक दिवस मी त्यांची पाठ धुतली. त्यांना झोप लागली, बऱ्याच दिवसांनी. तेव्हा कळलं, माझं काम हे. मीच सुपिरियरना म्हटलं, मला हेच द्या.

आई : तू मागून घेतलंस?

धाकटा : हो.

आई : लोकांची घाण काढायचं?

धाकटा : हो. अंग पुसायचं, जखमा धुवायच्या. कोणी गेलं की शेवटची आंघोळ घालायची.

आई : त्यासाठी दिला होता का तुला? तुझे बाबा ‘धाकटा कुठाय, धाकटा कुठाय’ करत गेले. मीच म्हटलं, नका बोलावू, तो देवाच्या कामात आहे. एकुलता एक मुलगा मी काळजावर दगड ठेवून दिला. घाण काढायला माणसं पगारावर मिळतात रे!

धाकटा : आई, हात दे ना.

आई : त्या चर्चमधल्या फादरना बोलाव.

धाकटा : मी स्वतः जातो.

आई : जा. आणि आत परत येऊ नकोस एवढ्यात.

(तिसऱ्या दिवशी सकाळी, तीच खोली. फादर येऊन कबुली ऐकून, तेल लावून गेले होते. आज उजाडता उजाडता आई गेली.)

ताई : शेजारच्या बायकांना हाक मारते. आंघोळ घालायला हवी.

धाकटा : मी घालतो.

ताई : मुलानं आईला? लोक काय म्हणतील?

धाकटा : तू थांब ना जवळ. पाणी कोमट आण, फार गरम नको. दोन टॉवेल दे आणि एक चादर. ती उघडी पडणार नाही. आई, तोंड पुसतोय हं. आता उजवा हात उचलतो.

ताई : कुणाशी बोलतोयस?

धाकटा : मी सगळ्यांशीच बोलतो असं. काय सांगावं, ऐकू येत असेल. दचकू नयेत.

ताई : दोन दिवस तिचं सगळं तू केलंस. एका शब्दानं बोलली नाही तुझ्याशी.

धाकटा : नाही बोलली.

ताई : पाणी तू पाजत होतास आणि ती म्हणत होती, ‘ताई, पुरे.’ मला फार लागलं रे ते.

धाकटा : तिला दिसत नव्हतं.

ताई : हात कळत नव्हता? तुझा हात केवढा, माझा केवढा!

धाकटा : कळत असेल. पण चमचा दूर ढकलला नाही तिनं. मी तेवढ्यावर भागवलं.

ताई : त्या दिवशी माझ्याबद्दल काही सांगत होती तुला. दाराआडून ऐकलं मी. अर्धवट.

धाकटा : मीही अर्धवटच ऐकलं. उरलेलं फादरांपाशी गेलं. ते आता बाहेर यायचं नाही.

ताई : मला ठाऊकच होतं रे. त्या माणसांना पाण्याचे पेले मीच नेले होते. पेले खाली ठेवायच्या आत हिनं त्यांना वाटेला लावलं. इतकी वर्षं हिला वाटत राहिलं, मला काही माहीत नाही. एकदा म्हणायला हवं होतं मी, की आई, जाऊ दे, झालं ते झालं. शब्द ओठांवर यायचा आणि मी मशीन चालवायला बसायचे.

धाकटा : ताई...

ताई : तू पूस. पाणी गार होतंय.

धाकटा : आता पाठ. तू खांदा धर. आई, वळवतोय हं, घाबरू नकोस.

ताई : किती हलकी झालीय.

धाकटा : एकही जखम नाही पाठीवर. इतके महिने पडून होती, आणि एक लाल डागसुद्धा नाही. आमच्याकडे पाळीला चार-चार माणसं असतात, तरी जखमा होतात. कसं केलंस गं हे एकटीनं?

ताई : गप्प बस. बायका यायच्या आहेत, मला आत्ता रडवू नकोस. कपडे मी काढून ठेवलेत. केस तेवढे राहिले. ही घे फणी.

धाकटा : ताई.

ताई : काय रे?

धाकटा : आई भांग कुठल्या बाजूला पाडायची?

ताई : डावीकडे. आण इकडे, मी दाखवते.