न चाखता वाढलेला सिनेमा

या मंडळी, पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेले आजोबा, तुम्ही तिथंच राहा — फक्त घोरलात तर पेटीच्या सुरात घोरा!

आज एक साधा प्रश्न. आपण देवाला नैवेद्य दाखवतो. तो आपण आधी चाखतो का? नाही! मीठ विसरलं तरी देव तक्रार करत नाही. बिचारा युगानुयुगं अळणी वरण गोड मानून घेतोय. पण माणसाला वाढायचं असेल तर? आणि वाढायचं ते अन्न नसून शब्द असेल तर? तोही चाखावा लागतो का? बोला! ... बरं, मग ऐका.

घाटाखाली तालुक्याचं एक गाव. तिथं मथुताई खासनीस यांची खानावळ. जेवायला बदलीवर आलेले मास्तर, बँकेतले कारकून, मुक्कामी गाडीचे कंडक्टर. दारात काळा फळा, आणि त्यावर रोज सकाळी मथुताईंचं अक्षर: ‘आज मेथीची भाजी, आमटी, ताक.’

यात काय विशेष? विशेष होतं भाजीच्या खाली! बाईंना दोन नाद — रोज सकाळी रेडिओ आणि शुक्रवारी दुपारचा सिनेमा. त्यातलं मनात राहिलेलं त्या दोन ओळीत खाली लिहून टाकायच्या. एकदा लिहिलं, ‘कालच्या सिनेमात नायिका चुलीपुढं बसून फार छान रडली. पण तव्यावरची भाकरी काही करपली नाही. एवढं रडल्यावर करपायलाच हवी.’ एकदा लिहिलं, ‘सकाळी रेडिओवर एक जुनं गाणं लागलं. बरं झालं, मी कांदा चिरत होते.’

एवढंच! पण वाचणाऱ्याच्या काळजाला बरोबर लागायचं. ज्यांना जेवायचं नाही तेही सायकल थांबवून वाचायचे. शनिवारी तर गाव विचारायचं, ‘मथुताईंनी काय लिहिलंय? मग जाऊ सिनेमाला.’ बाईंनाही बरं वाटायचं. का वाटू नये? आपलं लिहिलेलं कुणी वाचलं की माणूस सुखावतो. मीसुद्धा सुखावतो. त्या कोपऱ्यातल्या काकू मान हलवतात ना, त्यांच्याकडे बघूनच मी बोलतोय!

आणि इथंच गोम आहे. सुख झालं की त्याची सवय होते.

एका शुक्रवारी बाईंना लग्नाच्या लाडवांची मोठी मागणी आली. दिवसभर कढईपुढं. सिनेमा राहिला. राहू दे की! पण शनिवारी सकाळी पाहतात तो फळ्यापुढं चार-पाच जण उभे. कंडक्टर म्हणाला, “ताई, लिहा लवकर, माझी गाडी सुटायचीय.” आता नाही कसं म्हणायचं? समोरच्या भिंतीवर सिनेमाचं पोस्टर होतं. त्यावर एका जाड्या माणसाचं डोकं हंड्यात अडकलेलं. मथुताईंनी खडू उचलला आणि लिहिलं, ‘हसून हसून पोट दुखेल. घरात कुणी उदास असेल तर त्याला जरूर दाखवा.’

एवढंसं खोटं. कुणाचं काय बिघडतं? असंच वाटतं ना आपल्याला?

आता त्या गावात दाजी करमरकर म्हणून घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांचा तरणाताठा मुलगा तापाने गेलेला. तेव्हापासून त्यांच्या बायकोचं, नलूवहिनींचं, कशातच मन लागेना. चूलही पेटेना, म्हणून दाजी रोज मथुताईंकडून डबा न्यायचे. त्यांनी फळा वाचला. ‘घरात कुणी उदास असेल तर...’ हे आपल्यासाठीच लिहिलंय असं त्यांना वाटलं. समजूत घालघालून वहिनींना घराबाहेर काढलं आणि थेटरात नेलं.

सोमवारी दाजी डब्याला आले. मथुताईंनी हसत विचारलं, “काय दाजी, हसल्या का वहिनी?”

दाजींनी रिकामा डबा पुढं ठेवला आणि म्हणाले, “मथुताई, तुम्ही मध्यंतरानंतरचा भाग पाहिलात ना? त्यात त्या जाड्याचा मुलगा जातो.”

मंडळी, इथं खोटं बोलायला जागा होती. ‘अगं बाई, विसरलेच’ म्हणता आलं असतं. पण मथुताईंचा हात डब्याच्या कडीवरच थांबला. म्हणाल्या, “दाजी, मी सिनेमा पाहिलाच नाही.”

दाजी रागावले नाहीत. डबा उचलला आणि गेले. रागावले असते तर परवडलं असतं! दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नुसती भाजी होती.

त्याच दुपारी बाई तो सिनेमा बघून आल्या. सगळा पाहिला. आणि थेटरातून तशाच करमरकरांच्या दारात उभ्या राहिल्या. “नलूवहिनी, मी न बघता लिहिलं. तुम्हाला फार लागलं असेल.”

वहिनींनी पाट दिला. म्हणाल्या, “लागलं तर. पण एक सांगू? घरात मी रडले की हे घाबरतात, म्हणून मी रडतच नव्हते. तिथं अंधारात सगळेच रडत होते. मीही पोटभर रडून घेतलं. काल रात्री कित्येक महिन्यांनी कुकर लावला.”

मथुताईंचा जीव भांड्यात पडला. तोच वहिनी म्हणाल्या, “पण तुम्ही चुकलातच हो. आता शुक्रवारी मी येते तुमच्याबरोबर. बघू कशा न बघता लिहिता.”

ऐकलंत? देवानं सांभाळून घेतलं म्हणून आपली चूक बरोबर ठरत नाही!

पुढच्या शनिवारी फळ्यावर आलं, ‘आज वांगं, वरण. मागचा सिनेमा न बघता लिहिला होता, चुकलं. कालचा नलूवहिनींबरोबर बघितला. पहिल्या अर्ध्यात मला झोप लागली, त्याचं त्यांना विचारा. दुसरा अर्धा चांगला आहे.’ आणि गाव खरोखर करमरकरांच्या दारात विचारायला गेलं. वहिनी बोलत्या झाल्या!

हसलात? हसा. आता खिशातला मोबाईल काढा. आज सकाळपासून किती निरोप न वाचता पुढं पाठवलेत? ‘अमक्या पाल्यानं साखर उतरते’ — तुम्ही खाल्लात तो पाला? पलीकडे कुणी दाजी असतो, मंडळी. तो विश्वासानं घरात वाढतो. देव अळणी खाऊन घेईल. माणसाला वाढाल ते चाखून वाढा.

चला, आरतीला उभे राहा. नंतर प्रसादाची खिचडी आहे. कशी झालीय ते विचारू नका — मी अजून चाखलेली नाही!