हवेतल्या इंजिनाला हळदकुंकू

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संस्थापक माननीय हैबतराव, व्यासपीठावरचे मान्यवर, बढती मिळून पुण्याला निघालेले आपले प्राचार्य निरंजन सर, सर्व शिक्षक, आणि मसालेभाताच्या वासाने मागे चुळबुळणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, मी करिष्मा, मोटार मेकॅनिकच्या वर्गातली. सरांचे आभार मानायला मला उभं केलंय.

सरांनी आम्हाला काय दिलं? मोबाईलमधलं इंजिन दिलं! टेबलावर चिकटवलेल्या चित्रावर कॅमेरा धरला, की हवेत इंजिन उभं राहतं. पिस्टन वरखाली होतो, व्हॉल्व्ह उघडतात. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी हरखून गेले. पण सरांचा उत्साह तेवढ्यावर थांबतो होय? तेलकट पाय नव्या फरशीवर नकोत म्हणून खऱ्या इंजिनाच्या वर्कशॉपला कुलूप लागलं, आणि किल्ली सरांच्या खिशात गेली.

खंडेनवमीला पंचाईत झाली. पूजा यंत्रांची, आणि यंत्रं कुलपात! मग आम्ही त्या चित्रालाच मनोभावे हळदकुंकू वाहिलं. दसरा झाल्यावर तपासणीला साहेब आले, तर हळदकुंकवाने माखलेलं चित्र कॅमेऱ्याला ओळखूच येईना. सर घामाघूम. साहेबांनी विचारलं, "इंजिन कुठंय?" आमचा म्हसू म्हणाला, "सायेब, हितंच हुतं. पूजा केली आन् गेलं."

तरीही सरांना बढती मिळाली. कर्तृत्व म्हणतात ते हेच असावं.

हसा, मीही हसले होते. पण गेल्या महिन्यात पिरंगुटच्या कारखान्यात नोकरीसाठी चाचणी झाली, तिथे गंजलेला नट खोलायला दिला. आमच्या मोबाईलमधला नट कधी गंजलाच नव्हता! म्हसूने पान्यावर सगळं अंग टाकलं आणि बोल्टच मोडला. माझा तर हललाही नाही. किती जोर लावायचा, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. सुपरवायझर म्हणाले, "पोरी, तोंडानं समदं येतंय, हाताला कायबी ठावं न्हाई." मला लाज वाटली. आणि सर, तुमचा राग आला. अजून आहे.

त्या सुपरवायझरनी सोमवारी आम्हाला पुन्हा चाचणीला बोलावलंय, शेवटचं. आज शुक्रवार आहे.

आयोजकांचे, आचाऱ्यांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात मर्यादा सुटली असेल तर माझ्या वयाकडे बघून सोडून द्या. पण सर, मी जागेवर जाऊन बसणार नाही. हा हात पुढे केलाय. किल्ली द्या.