ओटीवरचा हॅटस्टँड

मी, आल्बिना वॉल्टर लोपीस, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार आगाशी, ता. वसई, जि. पालघर, समक्ष हजर राहून जबाब देते की,

माझे पती वॉल्टर, वय ८१, सोमवारपासून बेपत्ता आहेत. त्यांची स्मरणशक्ती गेली आहे. माझे नावही ते विसरले आहेत. तरी रोज सकाळी बाजारापर्यंत एकटे जाऊन परत येत. आमच्या ओटीवर दाराशी त्यांच्या वडिलांचा सागवानी हॅटस्टँड होता. त्यावर हॅट अडकवली की आपण घरी आलो हे त्यांना कळे. मग चहा मागत.

नातीच्या लग्नासाठी घराचे रंगकाम काढले आहे. सोमवारी मी चर्चमध्ये मिस्साला गेले असता मुलगा ग्लेन याने हॅटस्टँड भंगारवाल्याला दिला. मी विचारले तेव्हा म्हणाला, "मम्मी, हॅट घालतं कोण आता? नुसत्या छत्र्या लटकायच्या त्यावर."

वडील येऊन गेल्याचे त्याने नंतर सांगितले. हॅट हातात घेऊन ते रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "माफ करा हं, घर चुकलो." ग्लेनला थट्टा वाटली. तो म्हणाला, "या हो शेजारी, चहा घेऊन जा."

"नको. बायको वाट बघत असेल," असे म्हणून वॉल्टर पायऱ्या उतरले.

आगाशी, बस स्टँड, चर्च, तुळिंजपर्यंत शोध घेतला. मिळून आले नाहीत. फुलपाड्याच्या भंगारवाल्याने हॅटस्टँड फोडून लाकूड विकले आहे. ग्लेनने त्या जागी प्लॅस्टिकचे हूक ठोकले. त्याची अक्कल तेवढीच. दारात लग्नाचा मांडव घातला आहे, त्यामुळे आता बाहेरूनही घर ओळखू येत नाही.

हवालदारांनी विचारले, "बाई, फर्निचरचा आणि माणूस हरवण्याचा काय संबंध?" मी त्यांना सांगितले की, मी आयुष्यभर जुन्या इंग्रजी कादंबऱ्या शिकवल्या. त्यांत प्रत्येक घरात दाराशी हॅटस्टँड असतो. त्यावरची हॅट पाहून बाई ओळखते की यजमान घरी आहेत. आमच्याकडे यजमानच हॅटस्टँड पाहून घर ओळखत. हे समजायला कादंबरी वाचावी लागत नाही.

वर्णन: उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, करडी फेल्ट हॅट. हॅट डोक्यावर नसेल, हातात असेल. ती अडकवायला जागा मिळेपर्यंत ते कुठेही बसणार नाहीत.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'जुने फर्निचर' लिहिले होते, ते खोडून 'हॅटस्टँड' करून घेतले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.